नवा गेमिंग पीसी गेम लावला की बंद पडतो: नागपूरच्या घरात काय, कोणत्या क्रमानं तपासायचं

“दादा, गेम सुरू केला का पाच-दहा मिनिटांत बंद पडून राहिला.” नव्या बांधलेल्या मशीनबद्दल मला येणारे बहुतेक फोन याच वाक्यानं सुरू होतात. पण बंद पडण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात आणि कोणती तऱ्हा आहे यावरूनच अर्धा शोध लागतो. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी आपलं मशीन यांपैकी नेमकं काय करतं ते पाहून घ्या.

लक्षणं

- खटकन सगळं विझतं. पंखे, आरजीबी लाइट, स्क्रीन, सगळं. बटण दाबल्याशिवाय किंवा एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही. इथं पहिला संशय विजेवर, यूपीएसवर आणि एसएमपीएसवर.
- विझतं आणि क्षणात आपोआप परत सुरू होतं. एसएमपीएस, रॅम, प्रोसेसर, आणि कधीकधी चक्क कॅबिनेटचं रीसेट बटण.
- मजकूर असलेली निळी स्क्रीन येते (अलीकडच्या विंडोज ११मध्ये ती काळी असते). रॅम, प्रोसेसर, ड्रायव्हर, एसएसडी. स्क्रीनवरचा मजकूर टिपून ठेवा, तो पुढं लागणार आहे.
- चित्र गोठतं आणि आवाज एकाच जागी घरघरत अडकतो. बहुतेक वेळा रॅम किंवा प्रोसेसर.
- स्क्रीन काळी होते, कार्डाचे पंखे जोरात फिरू लागतात, पण मित्रांचा आवाज हेडफोनमध्ये चालूच असतो. ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा त्याला वीज देणारी वायर.
- फक्त गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो. एकाच गेममध्ये होत असेल तर दोष बहुधा त्या गेमचा. सगळ्याच गेममध्ये होत असेल तर आधी रॅम तपासायची.

याच्या जोडीला वेळही लिहून ठेवा. सकाळी तोच गेम दोन तास चालतो आणि रात्री आठनंतर टिकत नाही, ही फार मोलाची माहिती आहे. नुसतं यूट्यूब पाहतानाही बंद पडत असेल तर ग्राफिक्स कार्डाला दोष द्यायची घाई नको.

पुढचा क्रम फुकटच्या तपासणीपासून महागड्या तपासणीकडे जातो. एक पथ्य मात्र पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ज्या गेममध्ये, ज्या वेळी बंद पडत होतं, त्याच गेममध्ये त्याच वेळी पुन्हा चालवून पाहा. एकाच संध्याकाळी बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर), ड्रायव्हर आणि रॅम तिन्ही बदलले आणि मशीन सुधारलं, तर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. महिन्याभरानं तेच दुखणं परत आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. घरच्यांना पटवून, वर्ष-दोन वर्षं पैसे साठवून घेतलेल्या मशीनवर अंदाजानं आणखी पैसे घालायची वेळ कोणावर येऊ नये, म्हणून हे सगळं एवढ्या तपशिलात लिहितो आहे.

१. मशीनला बोलतं करा

विंडोज निळी स्क्रीन दाखवून लगेच रीस्टार्ट होतं, त्यामुळं वाचायला वेळच मिळत नाही. अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्जमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा. आता स्क्रीन थांबेल आणि मोबाइलवर फोटो काढता येईल. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘विंडोज लॉग्स’मधलं ‘सिस्टम’ पाहा. बंद पडल्याच्या वेळेजवळच्या लाल आणि पिवळ्या नोंदी वाचा.

इथं बरेच जण फसतात. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली की पॉवर हा शब्द वाचून लोक नवा एसएमपीएस घेऊन येतात. या नोंदीचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. लाइन गेली तरी हीच नोंद येते आणि रॅममुळं मशीन गोठल्यावर तुम्ही बटण दाबून धरलं तरी हीच येते. तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’ शून्य असेल तर निळी स्क्रीन नोंदवायलाही वेळ मिळाला नाही एवढं कळतं. म्हणजे वीज तुटली किंवा मशीन जागीच गोठलं.

खरी कामाची नोंद ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ची. प्रोसेसर, रॅमचा कंट्रोलर किंवा पीसीआय एक्सप्रेसची (कार्ड आणि एसएसडी बोर्डाला जोडणारी) लाइन यांनी स्वतः चूक पकडली तर ती इथं येते. ही असेल तर विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका, दोष हार्डवेअरमध्ये किंवा बायोसच्या सेटिंगमध्ये आहे. ‘डिस्प्ले’ स्रोताची ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं होतं. आणि निळी स्क्रीन येऊनही मिनिडम्प फोल्डरमध्ये (विंडोज बंद पडल्याची नोंद जिथं ठेवतं तिथं) काहीच सापडत नसेल तर एसएसडीकडंही पाहा. ड्राइव्हच मध्येच नाहीसा झाला तर नोंद लिहायची कुठं?

२. यूपीएस, बोर्ड आणि भिंतीतली वीज

हा भाग मी मुद्दाम वर ठेवला आहे. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये तो जवळपास नसतोच आणि आपल्याकडे मात्र खटकन विझणाऱ्या मशीनमध्ये मला वारंवार हाच सापडतो.

घरात जुन्या कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस असतो. नवं मशीन आलं की तोच लावला जातो. या यूपीएसवर मोठ्या अक्षरात ६०० लिहिलेलं असतं, पण तो वॅटमध्ये साधारण ३६०च देतो. आता हिशेब करा. आरटीएक्स ४०७० कार्ड २०० वॅट, रायझन ५ ७६०० प्रोसेसर पूर्ण जोरात ८८ वॅटपर्यंत, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून धरा पन्नास. झाले ३३८. एसएमपीएस स्वतः दहा-बारा टक्के उष्णतेत घालवतो, म्हणजे भिंतीतून ओढली जाते ३८० वॅटच्या आसपास. त्यात मॉनिटर. म्हणजे लाइन असतानाही गेम सुरू झाला की यूपीएस ओव्हरलोड होतो, शिटी मारतो आणि सगळं विझवतो. डेस्कटॉपवर मात्र हेच मशीन शंभर वॅटच्या आसपास असतं, त्यामुळं दिवसभर काहीच होत नाही आणि संशय जातो ग्राफिक्स कार्डावर.

तपासणी सोपी आहे. यूपीएस बाजूला करा आणि मशीन थेट भिंतीतल्या थ्री-पिनमध्ये लावा. गेम चालला तर सापडलं. मग १००० व्हीए किंवा त्याहून मोठा यूपीएस घ्या, पण घेताना व्हीए सोडून वॅटचा आकडा वाचा. घरी इन्व्हर्टर असेल आणि पीसी त्याच लाइनवर असेल, तर इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा एक मोड निवडायचा स्विच असतो. तो यूपीएस मोडवर हवा. साध्या मोडमध्ये लाइन गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होतं.

भिंतीत लावूनही फक्त रात्रीच बंद पडतं? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढं जातो, संध्याकाळी घरोघरी कूलर आणि एसी सुरू होतात आणि वस्तीतला व्होल्टेज खाली येतो. “लाइनच तशी येऊन राहिली आमच्याकडे,” असं लोक सांगतात ते खरं असतं. अशा वेळी एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. चांगल्या एसएमपीएसवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याला थोडी कमी लाइन चालते. स्वस्तातल्या पुष्कळ एसएमपीएसवर २०० ते २४० असतं. लाइन १८५ला आली की ते तग धरत नाहीत. दुसरी गोष्ट, कूलर आणि पीसी एकाच एक्सटेन्शन बोर्डावर नको. कूलरची मोटर आणि पंप सुरू होताना झटक्यात जास्त करंट ओढतात, आणि बोर्डातली पिन सैल असेल तर चर्र आवाज येऊन मशीन रीस्टार्ट होतं. पिन लावल्यावर हलत असेल तर तो बोर्ड फेकून द्या.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या धातूला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होत असेल तर घरातली अर्थिंग तुटलेली किंवा कुचकामी आहे असं समजा. एसएमपीएसच्या आत फिल्टरसाठी फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून अर्थला जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसली की कॅबिनेटवर लाइनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येऊन बसतो. करंट अगदी थोडा असतो, पण यूएसबीचे विचित्र डिस्कनेक्ट आणि आवाजातली घरघर अशी लक्षणं त्यातून निघतात. आणि एखाद्या दिवशी आतली वायर बॉडीला टेकली तर करंटला जमिनीत जायला वाट नसते, तो माणसातून जातो. जुन्या घरांत अंगणात मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असतो. उन्हाळ्यात आपली काळी माती वाळून भेगाळते, मातीचा विरोध वाढतो आणि पावसाळ्यात ठीक असणारी अर्थिंग एप्रिल-मेमध्ये निकामी होते. त्या खड्ड्यात पाणी घालायची जुनी पद्धत याचसाठी आहे.

इथं थांबा: सॉकेटमध्ये मल्टिमीटर घालून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजणं हे वायरमनचं काम आहे. त्याला बोलवा आणि “न्यूट्रल-अर्थ किती येतो?” असं स्पष्ट विचारा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. शॉक लागत असताना पीसी वापरत राहू नका आणि अर्थची पिन कापून टू-पिनवर तर मुळीच चालवू नका.

३. रॅमचं प्रोफाइल बंद करून पाहा

वीज ठीक निघाली तर पुढचा संशय इथं. यालाही एक रुपया लागत नाही.

रॅमच्या डब्यावर ६००० असा वेगाचा आकडा लिहिलेला असतो आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हे त्या वेगाचं प्रोफाइल सुरू करा असं सगळे सांगतात. ते करायला हरकत नाही, पण तो वेग म्हणजे ओव्हरक्लॉक, अधिकृत वेगाच्या वर पळवणं, आहे हे लक्षात असू द्या. रॅम ६०००ला चालेल असं रॅम कंपनी सांगते, तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर ६०००ला चालेल असं कोणी लिहून देत नाही. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना फक्त ३६०० आहे. चार स्लॉट भरलेले सुंदर दिसतात म्हणून चार पट्ट्या घेणाऱ्यांना मी नेहमी सांगतो: ३२ जीबी हवी तर १६च्या दोनच घ्या, आणि त्या एकाच डब्यातल्या घ्या. नंतर वेगळी घेतलेली जोडी तिच्याच नावाची असली तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात.

बायोसमध्ये प्रोफाइल बंद करा. डीडीआर५ रॅम मग बहुधा ४८००वर येईल. सेटिंग बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, विशेषतः एएम५ (रायझन ७०००चं सॉकेट) बोर्डांवर. मदरबोर्ड त्या वेळी रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून लाइन बंद करू नका.

दोन-तीन दिवस नेहमीसारखं खेळा. बंद पडणं थांबलं तर रॅम खराबच आहे असं नाही. बायोस नवं करा, मग ५६०० देऊन पाहा. गेममध्ये ५६०० आणि ६००० यांतला फरक डोळ्यांना जाणवत नाही, मशीन मध्येच विझलेलं मात्र जाणवतं. प्रोफाइल बंद असतानाही बंद पडत असेल तर पट्ट्या काढून पुन्हा बसवा, दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत. दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात.

मग मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. विंडोजमधली स्वतःची मेमरी तपासणी पुष्कळदा दोष सोडून देते, तिच्यावर विसंबू नका. मेमटेस्टमध्ये एकही लाल ओळ आली तर नापास. एक चूक चालते असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका. मग एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये घालून चालवा. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी वॉरंटीत द्या. पट्टी कोणतीही असो, ठरावीक स्लॉटमध्येच चूक येत असेल तर स्लॉट, मदरबोर्ड किंवा प्रोसेसरचं बसणं पाहावं लागेल. आणखी एक: रॅम तापली की चुका वाढतात. पहाटे गार खोलीत पास झालेली पट्टी दुपारी नापास होऊ शकते, म्हणून शक्य असेल तर उन्हाच्या वेळीही एक फेरी चालवा.

४. उष्णता

कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. परीक्षणातले आकडे वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. तिथं ७० दाखवणारा प्रोसेसर आपल्या ४० अंशांच्या खोलीत ८५-९० दाखवणार, यात बिघाड काही नाही. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात लॉगिंग सुरू करून गेम चालवा आणि मशीन बंद पडल्यावर शेवटच्या ओळी वाचा.

आकडे असे वाचा. रायझन ७०००चे बरेच प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ आहे, इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक प्रोसेसरची १००. मर्यादेला पोचल्यावर प्रोसेसर आधी वेग कमी करतो, लगेच बंद पडत नाही. म्हणून गेम अडखळत चालतो की नाही ते पाहा. न अडखळता खटकन बंद पडत असेल तर उष्णतेपेक्षा विजेचा संशय जास्त. याला अपवाद म्हणजे सुरू केल्यावर मिनिटभरात ९५च्या पार जाणारं मशीन. तिथं कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहिलेली असते, कूलर एका कोपऱ्यात नीट आवळलेला नसतो किंवा पाण्याच्या कूलरच्या पंपाची वायर जोडलेली नसते.

कॅबिनेटची बाजूची काच काढून गेम चालवणं ही दहा सेकंदांची तपासणी आहे. तेवढ्यानं फरक पडला तर पंख्यांच्या दिशा पाहा: पुढून आणि खालून हवा आत, मागून आणि वरून बाहेर.

वाळ्याच्या कूलरची हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. खोली गार होते हे खरं, पण हवेबरोबर बारीक थेंब उडतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार मदरबोर्डवर पांढरे होऊन बसतात. धूळ त्यांच्यात मिसळली की ओलसर थर तयार होतो आणि तो वीज वाहतो. कूलर लावलाच तर पीसी त्याच्या झोताच्या बाहेर ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल.

५. ड्रायव्हर आणि बायोस

हे लवकर आटोपतं. ग्राफिक्स ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरनं पूर्ण काढा आणि नवा टाका. बिघाड नव्या ड्रायव्हरपासूनच सुरू झाला असेल तर एक पायरी जुना टाका. चिपसेटचा ड्रायव्हर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडीची तब्येत एकदा पाहा.

बायोस मात्र अपडेट कराच, कारण दोन प्रकारांत ते प्रोसेसरच्या जिवाशी आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेज जाऊन ते कायमचे कमजोर होत असल्याचं इंटेलनं २०२४मध्ये मान्य केलं. त्याच वर्षी सुधारणा बायोसमधून आल्या आणि अशा डबाबंद प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. कार्डावर भरपूर मेमरी असताना गेम सुरू होताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असं येणं हे त्याचं ओळखीचं लक्षण. नवं बायोस पुढचं नुकसान टाळतं, झालेलं भरून काढत नाही. असा प्रोसेसर वॉरंटीतच द्यावा लागतो. दुसरा प्रकार एएम५चा: २०२३मध्ये काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजनं जळाल्यावर नव्या बायोसमध्ये प्रोसेसरमधल्या एसओसी भागाच्या व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा आली. त्याआधीचं बायोस असेल तर आजच बदला.

बायोस टाकताना लाइन गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून ते यूपीएसवर करा. बायोसमध्ये असताना मशीन थोडीच वीज घेतं, तेव्हा गेमला न पुरणारा ६०० व्हीएचा यूपीएसही या कामाला पुरतो.

६. वायरी, आणि मग एसएमपीएस

लाइन बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटचं बटण दाबून धरून उरलेली वीज जाऊ द्या. मग २४ पिन, प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची वायर काढून पुन्हा बसवा. कार्डाला दोन ८ पिन लागत असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या वायरी आणा. एकाच वायरीला दोन तोंडं असतात, ती सोयीची दिसतात, पण प्रत्येक ८ पिनवर १५० वॅट धरलेले असतात आणि तो सगळा भार एकाच वायरीवर येतो. कार्डाला १६ पिनची नवी वायर असेल तर ती शेवटपर्यंत बसली आहे ना, हे टॉर्च लावून पाहा, आणि तोंडाजवळ लगेच वाकवू नका.

एक धोक्याची गोष्ट. सुटणाऱ्या वायरींच्या एसएमपीएसमध्ये दुसऱ्या एसएमपीएसची वायर कधीही लावू नका. कनेक्टर बसतो, पण एसएमपीएसकडच्या बाजूला कोणत्या पिनवर काय येतं ते कंपनीगणिक बदलतं. चुकीची वायर लावली तर क्षणात एसएसडी आणि बोर्ड जळतात.

रीसेट बटणाची वायरही मदरबोर्डवरून काढून पाहा. बटण आत अडकलं असेल तर मशीन कारण नसताना रीस्टार्ट होत राहतं.

आता भार वेगवेगळा देऊन पाहा. ओसीसीटी या चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी फक्त प्रोसेसरची चाचणी, मग फक्त कार्डाची, मग दोन्ही एकत्र असणारी पॉवरची. वेगवेगळ्या टिकल्या आणि एकत्र दिल्यावर खटकन विझलं, तर बोट एसएमपीएसकडे जातं. मोठी कार्डं मिलिसेकंदापुरती सरासरीच्या दुप्पट वीज ओढू शकतात, त्या उसळीला एसएमपीएसचं संरक्षण मशीन बंद करतं. ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड हा कार्यक्षमतेचा शिक्का आहे, अशी उसळी पेलण्याची हमी तो देत नाही. १२ व्होल्टची लाइन ११.४च्या खाली जाता कामा नये, मात्र मदरबोर्ड दाखवतो तो आकडा अंदाजाचा असतो.

खात्री एकाच मार्गानं होते: मित्राचा चालता, पुरेशा वॅटचा एसएमपीएस, त्याच्याच वायरींसकट, एका दिवसासाठी लावून पाहणं. सीताबर्डीवरचे काही दुकानदारही मशीन आणून दिलं तर हे करून देतात. नवा विकत घेण्याआधी हे विचारा.

७. कार्ड, मदरबोर्ड आणि प्रोसेसर

कार्ड लटकत असेल तर खालून आधार द्या. रायझर केबलवर (कार्ड स्लॉटला जोडणाऱ्या वायरीवर) उभं लावलं असेल तर केबल काढून थेट स्लॉटमध्ये लावा. पीसीआय एक्सप्रेसच्या जुन्या तिसऱ्या पिढीच्या केबलवर चौथ्या पिढीचा वेग टिकत नाही. मग आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा वेग शंभर मेगाहर्ट्झनं कमी करा. तेवढ्यानं सगळं शांत झालं, तर कार्ड स्वतःच्या कंपनीनं ठरवलेल्या वेगाला टिकत नाही. कायम कमी वेगावर वापरू नका, वॉरंटीत द्या. शक्य असेल तर मित्राच्या मशीनमध्ये लावून पाहा, त्याहून स्पष्ट पुरावा नाही.

इतकं करूनही बंद पडत असेल तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवून चालवा. बाहेर चालतं आणि आत नाही, याचा अर्थ मागं कुठंतरी पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खुंट) चुकीच्या जागी आहे आणि तो बोर्डाला टेकतो. बाहेरही बंद पडत असेल तर प्रोसेसर किंवा मदरबोर्ड.

इथंच हात काढायचा

जळका वास, वितळलेला किंवा तपकिरी पडलेला कनेक्टर, कॅबिनेटला शॉक, एसएमपीएसमधून ठिणगी: यांपैकी काहीही दिसलं तर प्लग काढा आणि पुन्हा “एकदा सुरू करून पाहू” म्हणू नका. एसएमपीएस कधीही उघडू नका. लाइन काढल्यावरही त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो. प्रोसेसरच्या सॉकेटमधली पिन वाकलेली दिसली तर सुईनं सरळ करायला जाऊ नका. भिंग आणि सराव असणाऱ्या माणसाचं काम आहे ते, आणि तुमच्या हातून मोडली तर वॉरंटीचा रस्ता बंद होतो. कार्डाचा हीटसिंक उघडून पेस्ट बदलणंही नव्या कार्डावर नको.

दुसरा प्रोसेसर किंवा दुसरा बोर्ड हाताशी नसेल तर सातव्या पायरीचा शेवटचा भाग घरी होत नाही. सुटे भाग बदलून तपासू शकेल अशा तंत्रज्ञाकडं तेव्हा जावंच लागतं. जाताना सगळ्या भागांची बिलं आणि डबे, निळ्या स्क्रीनचे फोटो, मिनिडम्पच्या फाइल, एचडब्ल्यूइन्फोचा लॉग आणि काय काय बदलून पाहिलं ती वही सोबत न्या. सामान हातात देण्याआधी प्रोसेसरच्या सॉकेटचे आणि प्रत्येक भागाच्या सीरियल नंबरचे स्पष्ट फोटो दुकानदारासमोरच काढा. काही कंपन्यांचं सामान इथून पुढं दुसऱ्या शहरात जातं, तेव्हा पोचपावतीवर सीरियल नंबर आणि ‘पिन सरळ आहेत’ हे दोन्ही लिहून घ्या.